माडीकडे तोंड करून वाजवल्याचा आरोप

आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. ज्याच्या बाबतीत घडलं त्या दस्तगीर बँडमास्तरचाच कित्येक दिवस बसला नव्हता, तिथं तुमची काय कथा! पण घडलं ते असंच. यात एक शब्द जरी पदरचा निघाला तरी मिशी उतरवून देईन.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता आणि दुष्काळही तेवढाच ताजा. मांजरा नदीतले मासे संध्याकाळी पात्रातल्या धुळीतून पायी फेरफटका मारायचे. म्हशी दुधाच्या भानगडीत न पडता थेट पेढेच द्यायच्या. अशा साली लग्नं कोण काढतो? आणि लग्नं नाहीत तर बँडवाल्यानं खायचं काय? पण दस्तगीरला नवा जिल्हा पावला. रोज उठून कुठलं ना कुठलं कार्यालय उघडायचं. फिती कापून कापून गावातल्या कात्र्या बोथटल्या, शिंपी कापड दातानं फाडायला लागले. आणि कार्यालय म्हटलं की उद्घाटन, उद्घाटन म्हटलं की मिरवणूक, आणि मिरवणुकीच्या पुढं दस्तगीरचा ब्रास बँड. सगळ्यांच्या पुढं लाल लोकरी कोटात, तुऱ्याच्या टोपीत, हातात छडी घेऊन स्वतः दस्तगीर. छडी वर गेली की बँड वाजायचा, खाली आली की थांबायचा, आणि ती जिकडं वळेल तिकडं सगळा बँड वळायचा. अब्बांच्या वेळेपासूनची ही शिस्त.

असंच मजुरांच्या भल्यासाठीच्या एका कचेरीचं उद्घाटन होतं. पाहुणे यायचे होते… म्हणजे आले नव्हते. ऊन असं, की सावलीच सावली शोधत फिरत होती. क्लॅरोनेटवाला चांदपाशा डोलायला लागला. लोकांना वाटलं, गडी रंगात आलाय. त्याला खरं तर भोवळ येत होती.

तेवढ्यात गर्दीतून एक हात आला. बारीक, बोटाला शाई लागलेला. त्या हातानं दस्तगीरची वर गेलेली छडी धरली आणि हळूच… खाली आणली.

बँड गप्प.

"कोन हाय रे—" म्हणत दस्तगीर वळला. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, आणि पदराखाली दोन डोळे. हसत नव्हते, रागावलेही नव्हते; नुसते विचारत होते.

"किती वेळ वाजवायचं यांनी?"

"पाव्हणे येईपर्यंत."

"आणि आलेच नाहीत तर?"

"तर… येईपर्यंतच की."

"पाणी कधी प्यायचं?"

"दुष्काळ हाय, बाई."

"आठवड्याची सुट्टी?"

"तिथी नसली की सुट्टीच सुट्टी."

"नेमणूकपत्रं?"

"तोंडी."

"हजेरीपट?"

"मी ऱ्हातो की रोज हजर!"

तिच्या ओठाचा एकच कोपरा हलला. "बँडमास्तर, तुमच्यावर इतके खटले होऊ शकतात, की या कचेरीला तुमचंच नाव द्यावं लागेल. उद्या या. गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत, माडीवर."

एवढं बोलून तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि चांदपाशाला पाजली. चांदपाशा होता देगलूरचा. मराठी, तेलुगू, कन्नड आणि आपली दखनी, सगळ्या बोलींत गोड बोलायचा. त्यानं त्या सगळ्या बोलींत तिचे आभार मानले. ती हसली. या वेळी ओठांचे दोन्ही कोपरे हलले.

दस्तगीरच्या छातीत काहीतरी चटकन भाजलं. छडी धरली माझी… आणि पाणी त्याला?

ती दिलशाद. नांदेडची. बाप कापडगिरणीत मजूर, म्हणून कोर्टाच्या पायऱ्या तिनं लहानपणीच पाहिलेल्या. वकिलीची सनद घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरगी मजुरांकडून भांडणार. तिनं लातुरात माडी घेतली आणि पाटी लावली ती मालकांना सल्ला देण्याची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मालकाला वेळेवर शहाणा केला, तर मजुराला भांडावंच लागत नाही."

दुसऱ्या दिवशी दस्तगीर माडीवर गेला. तिसऱ्याही दिवशी गेला. पुढं पुढं तर त्याच्याजवळचे प्रश्न संपले, तेव्हा तो रस्त्यानं नवे तयार करत जायचा.

"वकीलबाई, ढोलवाल्या लिंबाजीला वाजवताना शिंक आली, तर तेवढा टाइम कामात धरायचा का?"

"धरायचा."

"दोन शिंका आल्या तर?"

"तर औषध आणून द्यायचं. बँडमास्तर, खरं काय विचारायचंय?"

"हेच की… शिंकेचं."

ती मान खाली घालून लिहायची, पण तिच्या कानातलं डूल उगाच हलायचं. दस्तगीर त्या डुलाकडं बघत सल्ला ऐकायचा, आणि नवल म्हणजे ऐकायचाही! सगळ्यांना नेमणूकपत्रं मिळाली. पाळीपाळीनं सुट्टी सुरू झाली. मिरवणुकीबरोबर पाण्याचा माठ निघाला. माणसं ताजीतवानी झाली आणि बँड असा वाजायला लागला, की तो ऐकायला मिळावा म्हणून लोक नुकतं उघडलेलं कार्यालय बंद करून पुन्हा उघडायचे.

फक्त एक काटा होता.

"चांदपाशा बरा आहे ना आता?" ती विचारायची.

मला 'बँडमास्तर', आणि त्याला 'चांदपाशा'! दस्तगीर मनात म्हणायचा. मला हुद्दा आणि त्याला नाव!

"चांदपाशाच्या आईला दिसत नाही म्हणे नीट. देगलूरला एकटीच असते?"

"हाव. बेगमबी. ह्याच्याच कमाईवर हाय."

"तरीच इतकं आर्त वाजवतो."

आर्त! दस्तगीरनं त्या दिवशी घरी जाऊन आरशासमोर आर्त तोंड करून पाहिलं. दाढ दुखल्यासारखं दिसलं.

आणि मिरवणुका! मिरवणूक कुठूनही निघो नि कुठंही जावो, ती त्या माडीखालूनच जायची. कशी जायची ते दस्तगीरला विचारू नका. त्याला वाटायचं, रस्ताच तसा आहे. माडीखाली आलं की चांदपाशाचं क्लॅरोनेट असं काही हळवं व्हायचं… आणि वर दिलशाद लेखणी खाली ठेवून गॅलरीत यायची. गाल तळहातावर टेकवायची. डोळे मिटायची.

एका दुपारी तिनं वरून दोरीला बांधून सुरई सोडली. वाळा घातलेलं गार पाणी! दुष्काळात लोक सोनं सोडतील पण पाणी सोडणार नाहीत, आणि हिनं सुरई सोडली. ती उतरली ती नेमकी चांदपाशाच्या हातात. तो प्याला, लिंबाजी प्याला, सगळे प्याले.

"मालक, घ्या ना. लई गार हाय."

"मला तहान न्हाई."

जीभ टाळूला चिकटली होती, पण तो प्याला नाही. डोक्यात असा जाळ झाला, की टोपीतल्या तुऱ्यातून धूर निघाला. समोरच्या चहावाल्यानं त्यावर किटली धरली असं म्हणतात.

त्या क्षणी दस्तगीरनं ठरवलं. चांदपाशा जाणार.

पण काढायचा कसा? सल्ला घ्यायला पाहिजे. आणि सल्ला द्यायला गावात होती कोण? एकटी दिलशाद!

"वकीलबाई, एक माणूस कमी करावा म्हन्तो. दुष्काळ हाय, काम न्हाई."

"करता येईल. नियम सरळ आहे. शेवटी आला तो आधी जाईल. कुणाला काढायचंय?"

"…चांदपाशाला."

"तो तर तुमच्या अब्बांच्या वेळचा ना? लिंबाजीही जुना. शेवटी कोण आलं बँडमध्ये?"

दस्तगीरनं आठवून पाहिलं. तोंड उतरलं. अब्बा वारल्यावर किराणा दुकानातली नोकरी सोडून छडी धरली ती… "मीच की."

"मग कायद्यानं तुम्हीच जायचं," दिलशाद अगदी गंभीरपणे म्हणाली. डूल मात्र हललं.

"थट्टा नका करू! त्याची वागनूक बरोबर न्हाई."

"'वागणूक बरोबर नाही' हा आरोप नव्हे, ती कुरकुर झाली. कुठं, केव्हा, काय केलं ते सांगा. मी लिहिते."

"वाजवताना… माडीकडं तोंड करतो."

"कुठल्या माडीकडं?"

"ह्याच."

तिची लेखणी क्षणभर थांबली. "बरं. आणखी?"

"डोळा मारतो."

"कुणाला?"

"तुमाला!"

"मी नाही पाहिलं. तुम्ही पाहिलंत?"

"म्या कसा बघनार? म्या तर…" दस्तगीर अडखळला.

"तुम्ही कुठं बघत होता, बँडमास्तर?"

बाहेर पाण्याचा टँकर आला होता, त्याच्या भोंग्यानं दस्तगीरला वाचवलं. भोंगा थांबला, तेव्हा दिलशादचा आवाज बदललेला होता.

"ऐका. आरोपपत्र मी करून देते. पण काढायचं तर रीतीनं. त्याला त्याची बाजू मांडू द्यायची. त्याचा एखादा सोबती त्याच्यातर्फे बोलेल. आणि जो फिर्यादी, तोच न्याय करणार नाही. तिऱ्हाईत माणूस पाहिजे. हे सगळं होऊन आरोप खरा ठरला, तर मी स्वतः सही करीन. पण खोटा ठरला… या दुष्काळात एका अधू डोळ्यांच्या म्हातारीच्या तोंडचा घास तुम्ही नुसत्या मनातल्या कसल्या तरी जळफळाटानं काढलात असं दिसलं, तर परत या माडीची पायरी चढू नका. शिंक आली तरी."

दस्तगीर माडीच्या पायऱ्या उतरला. चांदपाशा राहिला तर ती त्याची. चांदपाशा गेला तर ती माझीही नाही. पण मत्सर माणसाला मागं फिरू देतोय थोडाच!

तिऱ्हाईत म्हणून पानवाले गुरुपादप्पा ठरले. गावातल्या सगळ्यांचा सारखाच तिटकारा करणारा दुसरा माणूस लातुरात नव्हता. जागा, बँडचं दुकान. वेळ, भरदिवसा. दस्तगीरनं माणसांना निरोप दिला, "उद्या चौकशी हाय, समदे या." बँडवाल्यांना वाटलं, चौकशी नावाचं नवं कार्यालय उघडतंय. सगळे लाल कोट चढवून, पितळ घासून, लिंबाजी तर ढोल गळ्यात अडकवूनच हजर! मग एकटा साधा कसा दिसू, म्हणून दस्तगीरनंही कोट चढवला. त्या उन्हात!

दिलशाद एका बाजूला बसली. तिनं आरोप वाचला. चांदपाशा ऐकत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मला काढनार? मालक, चुकलं काय माझं ते तर सांगा. अम्मीला काय सांगू?"

दस्तगीर छडीच्या मुठीकडं बघत राहिला.

"ते बघू," गुरुपादप्पा पान जुळवत म्हणाले. "आधी बोल. माडीकडं तोंड करून वाजवतोस का न्हाई?"

"वाजवतो."

"बघा!" दस्तगीर उसळला. "कबूल करायलाय!"

"तुमी गप बसा," गुरुपादप्पा म्हणाले. "ह्याच्यातर्फे कोन बोलतो?"

लिंबाजी ढोलासकट उठला. "म्या. मालक, एकच इचारतो. रागावू नका. बँड कुनाच्या मागं चालतो?"

"माज्या."

"छडी डावीकडं गेली तर?"

"डावीकडं."

"आन् थांबली तर?"

"थांबतो."

"मग त्या दिवशी पाटबंधाऱ्याच्या कचेरीला जायचं होतं. सरळ रस्ता. तुमी छडी डावीकडं फिरवली, गल्लीत आनलं, माडीखाली थांबवलं, छडी माडीकडं केली. चांदपाशानं काय तुमच्याकडं पाठ करून वाजवायचं का? अन् पशुवैद्यकीयच्या वेळेला तर कचेरी आपल्या दुकानाला लागून होती! तरी आपन गंजगोलाईला चक्कर मारून आलो. पाव्हणे फीत धरून उभे!"

बँडवाल्यांत खसखस पिकली. एकानं हळूच पिपाणीत फुंकर घातली. चांदपाशाही रडता रडता हसला. "मालक, आमाला वाटलं तुमाला सावली आवडती तिथली. पर तिथं तर एक लिंबसुद्धा न्हाई…"

दस्तगीर उभा होता. छडी हातातच. इतक्या दिवसांत हे त्याच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं! ज्या गल्लीवरून तो चांदपाशावर जळत होता, त्या गल्लीत चांदपाशाला रोज हातानं धरून नेलं कुणी? त्यानं स्वतः. दिलशादला ते आर्त सूर ऐकवले कुणी? छडी वर करून… त्यानंच.

त्यानं मान वर केली. दिलशाद कागदाकडं बघत होती. शाईचं बोट कागदावर तसंच थांबलेलं.

"आरोप मागं घेतो," तो म्हणाला. "चांद्या, माफ कर. तुजी नोकरी माज्या अब्बानं दिलेली, ती काढनारा म्या कोन? उद्या बेगमबीला बोलावून घे. डोळ्याच्या डाक्टरला म्या दाखवतो." मग तो थांबला. "आन् वकीलबाई… एक आरोप नवा लिहा."

"कुणावर?"

"माज्यावर. की या बँडमास्तरनं सरकारी मिरवणुका वाट वाकडी करून… एका माडीखालून नेल्या. डोळा कुनी मारला नव्हता. पर बघत होतो. म्याच बघत होतो. तुमी चांदपाशाचं नाव घ्यायच्या, तर मला माजं सोताचं नाव विसरल्यागत व्हायचं. लिहा."

लेखणी चालली नाही.

"कबुली आली," गुरुपादप्पा पान तोंडात टाकत म्हणाले. "आता शिक्षा. वकीलबाई, कायदा काय म्हन्तो?"

दिलशादनं पदर सावरला. सरळ करण्यासारखं काही नसताना तो पुन्हा सरळ केला.

"मला… या प्रकरणात सल्ला देता येणार नाही."

"कामून?"

"ज्याचा प्रकरणात स्वतःचा हितसंबंध असतो, त्यानं न्यायात पडायचं नसतं." तिचा आवाज एवढा बारीक झाला, की पानाच्या चुन्याची डबी मिटल्याचा आवाजही मोठा वाटला. "माझा आहे."

दस्तगीरला हितसंबंध हा शब्द कळला नाही. चांदपाशानं त्याला कोपरानं ढोसलं, "मालक! हाव म्हन्ल्या त्या!"

"म्हंजे… गॅलरीत येत होतात ते…"

"क्लॅरोनेट चांगलंच वाजवतो चांदपाशा," दिलशाद म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं थेट त्याच्याकडं पाहिलं. "पण डोळे मिटून ऐकताना मी बघत कुणाला होते, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. शिंकांचं तेवढं विचारलंत. आणि सुरई कुणासाठी सोडली होती? सगळ्यांनी प्यायचं आणि मालकानं तोंड फिरवायचं! रागानं त्या रात्री जेवले नाही मी."

"मग… माजी नेमनूक?"

"तोंडी चालणार नाही. नांदेडला येऊन आधी अब्बांशी बोला. त्यांनी होकार दिला तरी सुरुवातीला उमेदवारीवरच ठेवीन. काम समाधानकारक वाटलं, तर कायम."

"सुट्टी?"

"मिळणार नाही."

दस्तगीरची छडी आपोआप वर गेली. चांदपाशानं क्लॅरोनेट ओठाला लावलं, लिंबाजीनं ढोलावर थाप टाकली, दुकानातून सगळा बँड रस्त्यावर आला. आणि त्या पहिल्या सुरासरशी काय सांगू… उदगीरकडून एक काळा ढग नुसता धावत आला! कडाड्‌कन वीज, आणि पाऊस! गंजगोलाईतून घोटाभर पाणी वाहायला लागलं. दिलशादनं पदर डोक्यावर धरला, अर्धा दस्तगीरच्या डोक्यावर धरला, तो चिंब, ती चिंब, मागं सगळा बँड चिंब भिजत वाजवतोय, वाजवतोय—

"खोटं!"

इतका वेळ श्रोत्यांत मुकाट ऐकत बसलेला, आता म्हातारा झालेला ढोलवाला लिंबाजी ताडकन उठला.

"साफ खोटं! ढोल माज्या गळ्यात होता. पावसाचे चार थेंब जरी लागले असते तर कातडं सैल पडून भद्द वाजलं असतं. त्यो तर असा खणखणत होता, की पार रेल्वे ठेसनातले लोक बघायला आले. पाऊस म्हने! त्या साली कुठला पाऊस? अरं, त्या दिवशी लातुरात वल्ला एकच माणूस होता, आन् त्यो दस्तगीर. लोकरीच्या कोटात नुसता घामानं निथळत होता गडी. दिलशादबीनं पदर डोक्यावर धरला-बिरला न्हवता… त्याच्यानं त्याचं तोंड पुसलं होतं, समद्या बाजारादेखत!"